दाढीचं रेझर घेताना



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीची वही लिहून झाल्यावर मी सहज विचारलं, "घरात दाढीचं सामान कोण विकत आणतं?" आधी हशा पिकला. एक काकू म्हणाल्या, "हे काय विचारणं झालं बाई! दाढी त्यायची, आपल्याले काय करायचं त्याच्याशी?" पण एकेकीला विचारत गेले तर निम्म्याहून जास्त जणींचं उत्तर एकच निघालं. बाजाराच्या दिवशी तेल, मीठ, साबणाबरोबर पात्यांची पुडी आपणच आणतो, आणि दुकानदार देईल ती आणतो. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "दुसऱ्याची दाढी कुणी स्वतःच्या हातानं केली आहे का?" हळूहळू चार हात वर गेले. एकीचे म्हातारे वडील, एकीचा अपघातानंतर पडून असलेला नवरा, दोघींचे सासरे. तिसरा प्रश्न होता, "आणि स्वतःसाठी रेझर कोण वापरतं?" तेव्हा सगळ्या वहीकडे पाहू लागल्या. बैठक संपल्यावर मात्र दोघी जणी मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या आणि वाटेत हळूच म्हणाल्या, ताई, त्यावरही बोला.

तर आज रेझरवर बोलायचं आहे. मी काही या विषयातली जाणकार नव्हे. मला हे शिकावं लागलं ते माझ्या सासऱ्यांमुळे.

मी त्यांना मामाजी म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, पुढे थोडी ताकद आली ती आली. रक्त पातळ राहावं म्हणून रोजची गोळी सुरू झाली. मामाजी म्हणजे एक दिवसाआड दाढी करणारा माणूस. घरी पाहुणा येवो न येवो, त्यांचा गाल गुळगुळीत. आजारपणात आमचे नाभिक दादा घरी येऊन दाढी करून जायचे. पुढे दादांनी तालुक्याला दुकान टाकलं आणि त्यांचं येणं पंधरा दिवसांवर गेलं. मधल्या दिवसांचं काय? नवरा पहाटेच शेतावर जातो. शेवटी एके सकाळी मीच नवऱ्याचं दोन पात्यांचं, वापरून फेकायचं रेझर उचललं, अंगाचा साबण गालाला चोळला आणि ओढलं. तीन ठिकाणी कापलं. गोळीमुळे रक्त लवकर थांबेना. अर्धा तास मी रुमाल दाबून बसले होते. मामाजी एक शब्द बोलले नाहीत. पण दोन दिवसांनी मी पुन्हा पाण्याची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग दाढी वाढत गेली. कुणी भेटायला आलं की ते पांघरूण हनुवटीच्या वर ओढून घ्यायचे. दादा आले तेव्हा मी त्यांना घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी माझं ते रेझर बोटात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हात वाईट नाही तुमचा. हत्यार चुकलं अन् पाणी चुकलं." पुढचा तासभर त्यांनी मला जे शिकवलं, त्यातलं बरंचसं आज सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सगळ्यात सुरक्षित म्हणजे चार्जिंगचा ट्रिमर किंवा विजेवर चालणारं दाढीचं मशीन. डॉक्टरही तेच सांगतात. आम्ही ट्रिमर आणला. मामाजींनी डाव्या हाताचा तळवा गालावर फिरवला आणि म्हणाले, "खुंटं राह्यले." त्यांच्या दृष्टीनं ती दाढीच नव्हती. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, रेझर लावायचंच असेल तर ओढाताण करू नका, पातं नवं ठेवा, आणि कापलंच तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न उचलता दाबा. तरी थांबलं नाही तर दवाखान्यात या. तुमच्या घरात असा माणूस असेल तर तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

आता हत्यार. दादांच्या आजोबांकडे वस्तरा होता. वस्तऱ्याचं पातं उघडं असतं, ते किती टेकवायचं आणि किती तिरकं धरायचं हे सगळं हाताच्या हिशोबावर. ती विद्या आहे, वर्षानुवर्षं शिकावी लागते. सेफ्टी रेझरमध्ये पात्याच्या दोन्ही बाजूंना आडोसा असतो. वर एक टोपी, खाली एक पट्टी आणि मध्ये पातं, फक्त धार बाहेर डोकावणारी. कातडी त्या पट्टीवर टेकते, म्हणून पातं आत शिरू शकत नाही. अमेरिकेत जिलेट नावाच्या माणसानं बदलता येणाऱ्या पातळ पात्याचं असं रेझर १९०३ साली विकायला काढलं. पहिल्या वर्षी खपली फक्त ५१. दुसऱ्या वर्षी ९० हजारांच्या वर गेली. आपल्याकडे जुन्या लोकांच्या दाढीच्या डब्यात जे पितळी किंवा स्टीलचं, दांडी फिरवून उघडायचं मशीन असतं, ते त्याच घराण्यातलं.

पण सगळी सेफ्टी रेझरं सारखी नसतात. काही सौम्य असतात, काही जहाल. सुताराचा रंधा आठवा. रंध्याचं पातं जरासंच बाहेर काढलं तर कागदासारखी साल निघते, जास्त काढलं तर लाकूड उचकटून येतं. रेझरचंही तसंच. पातं टोपीच्या बाहेर किती डोकावतं आणि पातं व खालची पट्टी यांच्यात फट किती, यावर त्याचा स्वभाव ठरतो. धार जास्त बाहेर आणि फट मोठी, म्हणजे जहाल. हात बसलेल्या जवान माणसाला, राठ दाढीला ते चालतं. म्हाताऱ्या माणसाच्या सैल, पातळ कातडीला चालत नाही. पहिल्यांदाच रेझर धरणाऱ्या पोरालाही नाही आणि आपल्या काखेलाही नाही.

मग सगळ्यात सौम्य ते घ्यावं का? मीही आधी तसंच समजले. बाजारातून एक अगदी हलकं प्लास्टिकचं आणलं, त्यात पातं जवळजवळ दिसतच नव्हतं. कापलं नाही, हे खरं. पण केसही निघेनात. एकाच जागी पाच-सहा वेळा फिरवावं लागलं आणि संध्याकाळपर्यंत मामाजींचा गळा लाल होऊन आग व्हायला लागली. तेव्हा कळलं की नुसतं सौम्य असून भागत नाही, त्यानं कामही केलं पाहिजे. सहा वेळा घासलेलं सौम्य रेझर दोनदा हलक्या हातानं फिरवलेल्या बऱ्या रेझरपेक्षा जास्त सोलतं. आपल्याला हवं आहे ते असं, की धार कमी डोकावते पण दोन फेऱ्यांत गाल साफ होतो.

हे दोन्ही एकत्र कसं जमतं? पात्याची पकड घट्ट असली तर. हे पातं अगदी पातळ असतं, एका मिलिमीटरचा दहावा भाग. टोपी आणि पट्टी यांनी त्याला धारेच्या जवळपर्यंत दाबून धरलं असेल तर ते हलत नाही आणि केस स्वच्छ कापतं. पकड धारेपासून लांब असेल तर केसाला लागताच पातं थरथरतं, केस अर्धा कापतं, अर्धा ओढतं. विळीचं पातं पाटाला ढिलं झालं की कांदा कसा चिरडतो, तसंच ते.

दुकानात हे तपासता येतं. दुकानदाराला रेझरमध्ये पातं बसवून दाखवायला सांगा. लाजू नका, चप्पल घालून पाहतोच ना आपण. मग ते उजेडाकडे धरा आणि आडवं करून बघा. दोन्ही बाजूंना धार सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसत असेल तर ते ठेवून द्या, कारण एका बाजूनं ते सौम्य चालेल आणि उलटं केलं की कापेल. स्वस्त रेझरमध्ये हा दोष फार दिसतो. पात्याचे चारही कोपरे झाकलेले आहेत का, तेही पाहा, कानाजवळ आणि नाकाखाली कापतं ते कोपऱ्यानंच. दांडी घट्ट पिळल्यावर रेझर कानाजवळ हलवा. खुळखुळ वाजलं तर पकड ढिली आहे.

खालच्या पट्टीला कधी सलग कड असते, कधी फणीसारखे उघडे दात असतात. दात असलेलं रेझर आठ-आठ दिवसांची वाढलेली दाढी न तुंबता काढतं, पण ते अनेकदा जहाल असतं. घरी सलग कडेचं घ्यावं. दाढी खूप वाढली असेल तर आधी कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक करावी, मग रेझर लावावं.

वजनाचंही बोलते. धातूचं डोकं जड असतं, त्यामुळे दाबावं लागत नाही, ते आपल्या वजनानं खाली उतरतं. हलकं प्लास्टिकचं आपण नकळत दाबतो आणि दाबलं की सौम्य रेझरही कापतं. आम्ही शेवटी घेतलं ते धातूचं, तीन भाग सुटे होणारं, सलग कडेचं, दांडीवर खरबरीत नक्षी असलेलं. ती नक्षी शोभेसाठी नाही, साबणाच्या हातातून रेझर निसटू नये म्हणून. एकदा पैसे गेले, पण ते पुढे कितीतरी वर्षं टिकेल. महिन्याचा खर्च फक्त पात्यांचा, आणि साधं दुधारी पातं काही रुपयांत मिळतं.

कुणी म्हणेल, दोन-तीन पात्यांचं नवं रेझर जास्त चांगलं नाही का? गाल गुळगुळीत होतात हे खरं. पहिलं पातं केस ओढून वर काढतं, दुसरं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. पण ज्याचे केस कुरळे असतात, त्याच्या त्या आत कापलेल्या केसाचं टोक वाढताना कातडीतच शिरतं आणि तिथे पुटकुळी धरते. मानेवर सारख्या पुटकुळ्या येणाऱ्या पोराला एका पात्याचं रेझर देऊन पाहा. दुसरी अडचण पाण्याची. पाती एकमेकांना चिकटून असली की मधे केस आणि साबण अडकतो आणि तो काढायला नळाची धार लागते.

यावरून एक गंमत सांगते. ती परदेशी कंपनीचीच आहे, पण घडली आपल्यावरून. त्याच जिलेट कंपनीनं २००२ साली भारतासाठी एक रेझर आणलं होतं. त्यात अडकलेले केस ढकलून काढायला एक छोटी पट्टी होती. ते आधी तपासलं गेलं अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉलेजात शिकणाऱ्या भारतीय पोरांवर, त्यांना ते आवडलं. भारतात आल्यावर चाललं नाही. का? त्या पोरांच्या बेसिनला नळ होता. इथला माणूस अंगणात बसून, समोर आरसा आणि एका वाटीत पाणी घेऊन दाढी करतो. वाटीत बुडवून ते रेझर मोकळं होईना. मग कंपनीची माणसं इथल्या घरांमध्ये येऊन बसली, दाढी पाहिली आणि २०१० साली एकाच पात्याचं, धुवायला सोपं रेझर काढलं. तेव्हा त्याची किंमत १५ रुपये होती आणि बदलायचं पातं ५ रुपयांना. किमती आता वाढल्या आहेत. मला त्या कंपनीची जाहिरात करायची नाही. सांगायचं एवढंच, की आपल्या घरात पाणी कसं येतं आणि माणूस कसा बसतो, हे पाहिल्याशिवाय रेझर घेऊ नये.

आता दादा म्हणाले ते पाणी. घाटावरच्या बायांना हे कदाचित जाणवणार नाही, पण घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या पट्ट्यातल्या बायांना लगेच कळेल. आपला खारपाणपट्टा. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. कपडे धुताना पांढरा चिकट थर बसतो, तोच गालावर बसतो. दाढीत फेसाचं काम दिसण्यापुरतं नसतं. तो केसाला ओलं धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला वाट देतो. फेस नसेल तर कितीही महागाचं सौम्य रेझर आणा, ते सोलणारच. मी मामाजींची दाढी बोअरच्या पाण्यानं आणि अंगाच्या साबणानं केली होती. आता पिण्याच्या गोड्या पाण्यातलं एक वाटी पाणी बाजूला काढते. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून नंतरचं भरून ठेवते. एका दाढीला दोन वाट्या पुरतात, एक फेसाला आणि एक रेझर बुडवायला. अंगाच्या साबणाऐवजी दाढीचा साबण किंवा क्रीम घ्या. त्याची एक नळी पुष्कळ दिवस जाते.

केस भिजवायला वेळ द्या. कोरडा केस तांब्याच्या तारेसारखा चिवट असतो. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं गालावर ठेवला की तो मऊ होतो आणि पात्याला जोर कमी लागतो. मामाजींना तर त्या टॉवेलचीच आवड लागली आहे. टॉवेल आधी आपल्या मनगटावर लावून पाहा, लकवा झालेल्या बाजूला चटका कळत नाही.

ब्रशनं गोल फिरवून फेस लावला की दांडी गालापासून तिरकी धरा. आधी टोपी गालाला टेकवा, मग दांडी हळूहळू खाली आणा. जिथे केस कापल्याचा बारीक कुरकुर आवाज येईल, तिथे थांबा. तोच बरोबर कोन. बोटभर लांबीचे ओढे घ्या आणि दर दोन ओढ्यांनी रेझर वाटीत बुडवा. केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं आधी फिरवायचं. ती दिशा कळायला कोरड्या गालावर बोट फिरवून पाहा. जिकडे बोट सुळकन जातं ती दिशा. गळ्यावर ती बदलत जाते, कुठे खाली, कुठे कानाकडे. गुळगुळीत हवं असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवा. उलट्या दिशेनं फिरवू नका. दादांनीही मामाजींना उलटा हात कधी लावला नाही.

दात गेलेल्या माणसाचे गाल आत बसलेले असतात, ही खरी अडचण. कवळी असेल तर लावून घ्या. गाल फुगवता आला तर फुगवायला सांगा. लकवा झालेली बाजू फुगत नाही, तिथे डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी कानाकडे ताणून धरायची. बोटं साबणानं निसटतात, म्हणून त्यांना थोडी ओली तुरटी चोळायची. ही दादांची युक्ती, आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली. शेवटी त्याच तुरटीचा खडा गालावर फिरवला की बारीकसारीक खरचटलेलं थांबतं. पण खडा प्रत्येकाचा वेगळा असावा. चामखीळ किंवा तीळ असेल तिथे वळसा घाला.

पातं कधी बदलायचं? धार गेलेलं पातं सौम्य होतं असं पुष्कळ जणींना वाटतं. ते उलट आहे, बोथट पातं ओढतं, आपण दाबतो आणि तेव्हाच कापतं. मामाजींना मी तीन दाढ्यांनंतर पातं बदलते. नवरा पाच-सहा करतो. ओढल्यासारखं वाटलं की बदलायचं. धार कपड्यानं पुसू नका, बोट कापेल आणि धारही जाईल. रेझर झटकून, सैल करून कोरड्या जागी उभं ठेवायचं. मोरीतल्या ओल्या कोनाड्यात नाही.

आणि पातं दुसऱ्याचं वापरायचं नाही. बापाचं पोरानं नाही, नवऱ्याचं बायकोनं नाही. दिसणार नाही इतकं रक्त पात्याला राहतं आणि त्यातून हिपॅटायटीस बी, सी अशी काविळीची दुखणी जाऊ शकतात. हिपॅटायटीस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. दाढी सलूनमध्ये होत असेल तर दादांना नवं पातं समोर उघडायला सांगायचं. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही. आमच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे रुग्ण पुष्कळ आहेत. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचं तर याबाबतीत जास्तच सांभाळा. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, तेव्हा त्या दिवशी रेझर नकोच.

आता फाट्यावरच्या दोघींचा प्रश्न. एक म्हणाली, "मी त्यायचंच चोरून घेते, धुऊन ठेवते." का चोरून, हे मी विचारलं नाही, कारण मीही लग्नानंतर काही वर्षं तेच केलं. रेझर आणि बाई म्हटलं की आपल्याकडे जुनी जखम आहे. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, हा काही घरांमधला रिवाज होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. ज्यांची रोजीरोटी वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवला. दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या घरी हे कोणी सांगितलंच नाही कधी."

तर स्वतःसाठी वेगळं रेझर घ्या, त्याला आपल्या रंगाचा दोरा बांधा, म्हणजे झालं. गुलाबी रंगाचं बायकांचं म्हणून जे विकतात, त्याला फक्त रंगापायी जास्त पैसे देऊ नका. आत पातंच असतं. वर सांगितलेली पारख तीच. काख खोलगट असते आणि केस सगळ्या दिशांनी वाढतात, म्हणून हात वर करून कातडी ताणायची आणि घाई करायची नाही. काढल्यानं केस जाड होतात, हा गैरसमज आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं, इतकंच. पण हनुवटीवर एकाएकी राठ केस येऊ लागले आणि पाळीही मागेपुढे होत असेल, तर रेझर नव्हे, डॉक्टर गाठा.

बाळंतपणाला जाताना घरूनच रेझर फिरवून जायची आपल्याकडे पद्धत आहे, सासूबाई सांगतात म्हणून. त्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे की साध्या बाळंतपणाआधी सरसकट केस काढू नयेत. ऑपरेशनच्या बाबतीतही २०१६ सालची त्यांची सूचना आहे की रेझर लावू नये, अगदी लागलंच तर केस कापायचं मशीन वापरावं. रेझरनं बारीक खरचटतं आणि त्यातून जंतू शिरतात. म्हणून घरून काही करून जाऊ नका, दवाखान्यातल्या सिस्टरला विचारा.

जुनी पाती उकिरड्यावर टाकू नका. तिथे गाय तोंड घालते आणि खत पसरताना आपलाच हात जातो. मी एका बंद डब्याच्या झाकणाला फट पाडली आहे, पातं त्यातून आत टाकते. दोन वर्षं झाली, डबा अजून भरलेला नाही.

मामाजींची दाढी आता मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी असते. परवा मी पहिला फेरा संपवून टॉवेल उचलायला लागले तर त्यांनी डावा हात गालावर फिरवला, कानाजवळ थांबवला आणि म्हणाले, "सूनबाई, इथं एक राह्यलं."

पुढच्या बैठकीला येताना घरातलं रेझर धुऊन, पातं काढून घेऊन या. नवं पातं मी आणते. कुणाचं कसं आहे, उजेडाला धरून एकेक पाहू.